सात पाताळं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

श्रावणात नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या छोट्या मंदिरात भागवत सप्ताह असतो. दुपारचं निरूपण माझ्याकडे. कृष्णजन्माच्या दिवशी चप्पल ठेवायला जागा नसते, पाचव्या स्कंधाच्या (सात पाताळांचं वर्णन यातच येतं) दिवशी मात्र जेमतेम पंधरा-वीस डोकी, त्यातली चार डुलक्या घेणारी. गंमत म्हणजे वर्षभर व्हॉट्सॲपवर सगळ्यात जास्त प्रश्न येतात ते याच पाचव्या स्कंधावर. तेच ते परत टाइप करून बोटं दुखली, म्हणून इथे एकत्र केले. एका उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. पाताळं नक्की किती? नावं काय?

सात. भागवताच्या क्रमाने वरून खाली: अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताल. सगळ्यांत तळाच्याचं नाव पाताल आणि सातांना मिळूनही पाताळच म्हणतात, त्यामुळे घोळ होतो. नागपूर म्हणजे शहरही आणि जिल्हाही, तसंच हे. भूलोकापासून सत्यलोकापर्यंत वरचे सात लोक आणि ही खालची सात, अशी चौदा भुवनं. विष्णुपुराणाची यादी थोडी निराळी आहे (प्रश्न १२ पाहा).

२. पाताळ म्हणजेच नरक ना, काका?

नाही. पाताळ हा नरक नाही, एवढी एक गोष्ट या पानावरून लक्षात राहिली तरी माझं काम झालं.

विष्णुपुराणात नारद पाताळं फिरून स्वर्गात येतात आणि भर देवसभेत सांगतात की पाताळं स्वर्गापेक्षाही रमणीय आहेत: ‘स्वर्लोकादपि रम्याणि पातालानीति नारदः’. भागवत या जागांना ‘बिलस्वर्ग’ म्हणतं. बिल म्हणजे आपलं बीळच, बिळातला स्वर्ग. वाडे आहेत, बागा आहेत, तळी आहेत, रत्नं आहेत. म्हातारपण नाही, रोग नाही, केस पिकत नाहीत, घामाला वास नाही.

नरक वेगळे. भागवत त्यांची संख्या अठ्ठावीस देतं, मनुस्मृती एकवीस. तामिस्र, अंधतामिस्र, रौरव, कुंभीपाक ही नावं तुम्ही ऐकली असतील. तिथे यमाचा कारभार, केलेल्या कर्माचा हिशोब आणि शिक्षा. पाताळात कोणी कोणाला शिक्षा करत नाही. गोंधळ होतो तो जागेमुळे. भागवत नरकही दक्षिण दिशेला, जमिनीच्या खाली आणि तळाच्या पाण्याच्या वर सांगतं. दिशा दोन्हींची खालचीच, पत्ता मात्र वेगळा. आणि नरकही कायमचा नाही. भोग संपला की परत जन्म आहेच.

३. तिथे राहतं कोण?

दैत्य, दानव आणि नाग. मजल्यागणिक मालक वेगळा.

अतलात मयासुराचा मुलगा बल राहतो. त्याच्याकडे शहाण्णव प्रकारची माया. त्याच्या जांभईतून निघालेल्या स्त्रिया तिथे आलेल्या पुरुषाला हाटक नावाचा रस पाजतात. तो प्यायलेला माणूस काय करतो? ‘मी ईश्वर आहे, मी सिद्ध आहे, माझ्यात दहा हजार हत्तींचं बळ आहे’ असं दारू चढल्यासारखं बरळत बसतो. हे वाक्य वाचलं की डुलक्या घेणारेही जागे होतात. प्रत्येकाला आपला एखादा भाऊजी आठवतो.

वितलात हाटकेश्वर शिव भवानीसह राहतात. सुतलात बळी (प्रश्न ६). तलातलात मय दानव, त्रिपुराचा स्वामी. त्याच्यावर शिवाचा वरदहस्त आहे. महातलात कद्रूची पोरं, म्हणजे तक्षक, कालिय वगैरे अनेक फण्यांचे रागीट नाग. घरदार, बायकापोरं सगळं आहे, तरी गरुडाच्या भीतीने सतत जीव मुठीत. रसातलात पणि, निवातकवच, कालेय हे देवांचे जुने वैरी. तळाच्या पातालात वासुकी आणि त्याचे भाऊबंद. कोणाला पाच फणे, कोणाला हजार.

४. स्वर्गापेक्षा छान आहे तर मग त्याला ‘खालचं’ का म्हणायचं? अध्यात्मात त्याचा अर्थ काय?

या उत्तरावर थोडा वेळ काढा.

सुतलाचं वर्णन करताना शुकाचार्य मध्येच थांबतात आणि परीक्षिताला एक अनपेक्षित गोष्ट सांगतात. बळीला सुतलात मिळालेलं वैभव ही देवाची कृपा समजू नकोस. कारण असल्या मायामय भोगांना त्यांनी शब्द वापरलाय ‘आत्मानुस्मृतिमोषण’. मोषण म्हणजे चोरी. स्वतःची, आत्म्याची आठवण चोरून नेणारं ते वैभव.

पाताळाचा आध्यात्मिक अर्थ मला या एका शब्दात सापडतो. तिथे दुःख नाही, उणीव नाही, थकवा नाही, आणि नेमकी हीच अडचण. जिथे काहीच टोचत नाही तिथे ‘मी कोण’ हा प्रश्न सुचतच नाही. नरकात माणूस निदान ओरडतो तरी. अतलातला माणूस रस पिऊन खुशीत आहे, त्याला कोणी उठवायला गेलं तर तोच चिडेल. खाली म्हणजे वाईट असं नसून खाली म्हणजे विसर, असं मी सांगतो. सगळे टीकाकार याच शब्दांत सांगतील असं नाही, पण मूळ शब्द ग्रंथातलाच आहे.

गीतेत चौदाव्या अध्यायात ‘अधो गच्छन्ति तामसाः’ आहे, त्याचाही संदर्भ लोक देतात. तिथला रोख तमोगुणामुळे होणाऱ्या अधोगतीवर आहे. सात पाताळांची नावं तिथे नाहीत. दोन्ही एकात कालवू नका.

५. सूर्य पोचत नाही तर उजेड कुठून?

नागांच्या फण्यांवरच्या मण्यांचा. भागवत म्हणतं की त्या उजेडाने अंधार राहतच नाही. सूर्य नाही म्हणून दिवस-रात्र नाही, आणि दिवस-रात्र नाही म्हणून काळ सरतोय याची भीतीही नाही. एकाच गोष्टीला तिथले सगळे घाबरतात: विष्णूच्या सुदर्शन चक्राला. ते आत शिरलं की असुरांच्या स्त्रियांचे गर्भ गळतात. घड्याळ काढून फेकलं तरी काळ दुसऱ्या दाराने येतो, असं मी त्यातून घेतो.

विष्णुपुराण इथेही वेगळं. त्यात पाताळात सूर्याचे किरण आहेत, पण ते फक्त प्रकाश देतात, ऊन देत नाहीत. चंद्र चांदणं देतो, गारठा नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, मे महिन्यात, कूलरसमोर बसून हा श्लोक वाचा. दैत्यांचा हेवा वाटतो.

६. वामनाने बळीराजाला पाताळात गाडलं, हे खरं ना?

‘गाडलं’ हा शब्द आपल्या बोलण्यातला, ग्रंथातला नाही. तिसऱ्या पावलासाठी बळीने डोकं पुढे केलं आणि वामनाने त्याला सुतलात पाठवलं. हे सुतल विश्वकर्म्याने बांधलेलं, देवांनाही हवंहवंसं वाटणारं. आजोबा प्रल्हाद सोबतीला. पुढच्या, सावर्णि मन्वंतरात इंद्रपद बळीचंच. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, स्वतः भगवान हातात गदा घेऊन त्याच्या दारावर पहारेकरी. रावण दिग्विजय करत तिथे पोचला तर त्याला पायाच्या अंगठ्याने दूर उडवून दिलं.

म्हणजे प्रश्न ४ मध्ये जी विसराची भीती सांगितली तिला बळी हा अपवाद. वैभव तेच, पण रोज दार उघडलं की समोर देव उभा. विसरायचं म्हटलं तरी कसं विसरणार?

आपल्याकडे बळी हा हरलेला राजा नाहीच. शेतकऱ्याला आपण बळीराजा म्हणतो. बलिप्रतिपदेला ओवाळताना ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणतो. ‘गुलामगिरी’त (१८७३) महात्मा फुल्यांनी बळीला इथल्या कष्टकऱ्यांचा न्यायी राजा म्हणून उभं केलं आणि वामनाला कपटी ठरवलं. सप्ताहात हे सांगितलं की काही जण नाराज होतात. होऊ द्या. एकाच कथेकडे लोक दोन बाजूंनी बघतात, हे सांगायला काय हरकत आहे?

नागपूरकरांसाठी एक सुचवणी: रामटेकला गेलात तर नुसतं रामाचं दर्शन घेऊन खाली उतरू नका. गडावर वाकाटककाळातली त्रिविक्रमाची मूर्ती आहे. भंगलेली आहे, पण पाऊल उचललेला तोच वामन.

७. ‘रसातळाला गेला’ असं का म्हणतात? सगळ्यांत खालचं तर पाताल आहे.

कारण पृथ्वी बुडाली ती रसातळाला. तिथून वराहाने ती वर काढली. जे तिथवर गेलं ते आता देवानेच वर आणावं, अशी त्या वाक्प्रचारामागची कल्पना असावी. रामायणाच्या उत्तरकांडात सीता नागांनी उचललेल्या सिंहासनावर बसून जमिनीत जाते, तिथेही शब्द रसातलच आहे. बुडणं नाही, माहेरी जाणं आहे ते.

रामटेकच्याच गडावर हा वराहही आहे, दगडाचा, चारी पायांवर उभा. लोक त्याच्या पोटाखालून सरपटत निघतात. पापी माणूस अडकतो म्हणे. मी दोन वर्षांपूर्वी प्रयत्न केला आणि कमरेशी अडकलो. मागून बायको म्हणाली, ‘पाप नाही, पुरणपोळी आहे ती.’

(‘पाताळयंत्री’ म्हणजे आतल्या गाठीचा, कारस्थानी माणूस. आणि आजी नेसायची ते पातळ. त्याचा इथे काही संबंध नाही. हा प्रश्नही खरंच आला होता.)

८. नागद्वार हे पाताळाचं दार आहे का? आणि पातालकोट?

नागपंचमीच्या सुमारास विदर्भातून हजारो लोक पचमढीच्या डोंगरात नागद्वारच्या यात्रेला जातात. पावसात, निसरड्या वाटांनी, लोखंडी शिड्या चढून उतरून. तिथल्या गुहांमधून नागलोकाची वाट आहे अशी भाविकांची श्रद्धा. पुराणांत या जागेचं नाव घेऊन असं काही सांगितल्याचं माझ्या वाचनात नाही. पण ‘बिलस्वर्ग’ हा शब्द मनात ठेवून त्या गुहेत वाकून शिरलात, ओल्या दगडाला हात टेकला आणि मागच्याचा ‘हर बोला हर हर महादेव’ कानावर आला, की ही श्रद्धा कशी जन्मली असेल ते सांगावं लागत नाही.

पातालकोट छिंदवाडा जिल्ह्यात, तामियाजवळ. डोंगरांनी चहूबाजूंनी वेढलेली खोल दरी, भारिया आणि गोंड लोकांची वस्ती. मेघनाद शिवपूजा करून इथूनच पाताळात गेला, असं तिथले लोक सांगतात. आम्ही गेलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले तरी खालच्या घरांवर ऊन उतरलं नव्हतं. वर कड्यावर आम्ही स्वेटर काढत होतो आणि खाली चुलीचा निळा धूर तसाच जमिनीला चिकटून होता.

९. नाग म्हणजे साप की माणसं?

पुराणांत दोन्ही. ते हवं ते रूप घेतात, राजवाड्यात राहतात, मुली मनुष्यांना देतात. अर्जुनाची उलूपी नागकन्याच. दुसरीकडे, नाग हे मुळात एक जनसमूह होते आणि नाग त्यांचं चिन्ह, असंही अनेक अभ्यासक मांडतात.

नागपुरात हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही. आपल्या शहराला नाव देणारी नाग नदी भरवस्तीतून वाहते (‘वाहते’ म्हणताना नाकाला रुमाल लावावा लागतो, ती गोष्ट वेगळी). डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी इथे धम्मदीक्षा घेतली, आणि दुसऱ्या दिवशीच्या भाषणात नागपूरच का निवडलं ते सांगितलं: भारतात बौद्ध धर्माचा प्रसार करणारे लोक नाग होते आणि त्यांची वस्ती याच भागात होती. पाताळातले नाग कोण, याचं उत्तर देताना निदान नागपूरकराने तरी हे भाषण बाजूला ठेवू नये.

१०. नागपंचमीला जमीन का खणत नाहीत? आणि भूमिपूजनात चांदीचा नाग का पुरतात?

पहिल्याची कहाणी घरोघरी माहीत आहे: शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ लागून नागाची पिल्लं मेली. म्हणून त्या दिवशी नांगरणं, खणणं नाही. चिरणं आणि तव्यावर भाजणंही नाही. दुसऱ्यामागची कल्पना अशी की शेषाने पृथ्वी तोलून धरली आहे, तर घराचा भारही त्याच्याच डोक्यावर. खाली राहणाऱ्याला आधी कळवायचं आणि मग वर बांधायचं.

आमच्या लेआउटमध्ये बोअर मारली तेव्हा मी हे सगळं यथासांग केलं. तीनशे फुटांपर्यंत नुसती पांढरी भुकटी उडाली, थेंब नाही. मशीनवाला कपाळावरची धूळ पुसत म्हणाला, ‘काका, पाताळ लागलं, पाणी नाही लागलं.’ पैसे मात्र फुटाच्या हिशोबाने पूर्ण घेतले.

११. शेषाने फणा हलवला की भूकंप होतो, हे ग्रंथात आहे का?

आहे. विष्णुपुराणात अनंत, म्हणजे शेषच, जांभई देतो तेव्हा पृथ्वी डोलते. वाल्मीकि रामायणात कारण वेगळं: सगराचे मुलगे खणत खाली जातात तेव्हा त्यांना पृथ्वी डोक्यावर घेतलेले दिशांचे हत्ती दिसतात. पूर्वेचा विरूपाक्ष थकून डोकं हलवतो तेव्हा भूकंप होतो. भूगर्भातल्या हालचालींचं कारण शाळेच्या पुस्तकात आहे, तेच बरोबर आहे. मुलांना दोन्ही सांगा, पण परीक्षेत हत्ती लिहू नका म्हणावं.

१२. पुराणांतली नावं आणि मापं एकमेकांशी जुळत नाहीत. मग खरं कोणतं?

जुळत नाहीतच. विष्णुपुराणाची यादी: अतल, वितल, नितल, गभस्तिमत्, महातल, सुतल, पाताल. त्यात रसातल आणि तलातल नाहीत. तिथे जमिनींचे रंगही दिले आहेत: पांढरी, काळी, तांबूस, पिवळी, मग खडीची, खडकाची आणि शेवटी सोन्याची.

मापाचं आणखी अवघड. एकेक पाताळ दहा हजार योजनं, म्हणजे सात मिळून सत्तर हजार. योजन ग्रंथागणिक बदलतं. अगदी लहान, ८ किलोमीटरचं धरलं तरी ५ लाख ६० हजार किलोमीटर होतात, आणि पृथ्वीचा व्यास आहे साधारण १२,७४२ किलोमीटर. इथे लोक म्हणतात, विज्ञानाने पुराण खोडलं. पण थांबा, आपल्याच सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथात पृथ्वी गोल आहे, तिचा व्यास १६०० योजनं दिलाय, आणि तरीही पृथ्वीच्या पोटात नाग-असुरांच्या सात रम्य पाताळभूमी आहेत असं लिहिलंय. सोळाशेच्या गोळ्यात सत्तर हजार मावत नाहीत हे त्या गणितज्ञाला कळत नव्हतं? कळत होतं. त्याने पाताळं ठेवली आणि पुराणाचं माप सोडलं. मला हा शहाणपणा वाटतो.

१३. पाताळ म्हणजे अमेरिका, असा मेसेज आलाय. खरंय का?

ही कल्पना जुनी आहे, १९व्या शतकातली. स्वामी दयानंद सरस्वतींनी ‘सत्यार्थप्रकाश’मध्ये पाताळ म्हणजे अमेरिका असं म्हटलं आणि उलूपी तिथली ठरवली. पृथ्वीच्या गोळ्यावर आपल्या पायांखालची बाजू, एवढाच त्यामागचा तर्क. महाभारतात मात्र उलूपी अर्जुनाला गंगाद्वारी, म्हणजे आजच्या हरिद्वारला, गंगेत स्नान करताना ओढून नेते. मेसेज पुढे पाठवू नका.

१४. मूलाधाराच्या खाली सात चक्रं आहेत आणि ती म्हणजे सात पाताळं, असं योगाच्या क्लासमध्ये सांगितलं. आधार आहे का?

भीती, राग, मत्सर अशी एकेक वृत्ती एकेका पाताळाला जोडणारी ही मांडणी अलीकडची आहे. ध्यानासाठी उपयोगी पडत असेल तर वापरा, पण ‘पुराणात आहे’ म्हणून सांगू नका. चक्रांवरच्या ‘षट्चक्रनिरूपण’ या ग्रंथात सहा चक्रं (सगळ्यांत खालचं मूलाधार) आणि वर सहस्रार, एवढंच आहे.

शरीराशी नातं मात्र भागवतात खरोखर आहे, दुसऱ्या स्कंधाच्या पहिल्याच अध्यायात. विराट पुरुषाचे तळपाय म्हणजे पाताल, टाचा आणि चवडे रसातल, घोटे महातल, पोटऱ्या तलातल, गुडघे सुतल, मांड्या वितल आणि अतल. म्हणजे पाताळंही देवाच्याच अंगात आहेत. आपण देवळात जाऊन डोकं टेकतो ते नेमकं कुठे? पायांवर. त्या हिशोबाने आपण रोज पातालाच्याच पाया पडतो.

१५. अहिरावण-महिरावणाचं पाताळ सातांपैकी कोणतं?

यांपैकी कोणतंच नक्की सांगता येत नाही. राम-लक्ष्मणांना पळवून पाताळात नेल्याची ती कथा वाल्मीकि रामायणात नाही. नंतरच्या रामायणांतून आणि लोककथांतून आली. तिथे पाताळ म्हणजे नुसतं ‘खालचं गुप्त ठिकाण’. पंचमुखी मारुतीची मूर्ती मात्र याच कथेशी जोडतात.

१६. वडील गेले. घरी गरुडपुराण लावलं होतं. ते ऐकल्यापासून आई विचारते, ते खाली गेले असतील का?

आईंना सांगा, नाही. मेलेला माणूस पाताळात जातो अशी रचना पुराणात नाही. तिथले रहिवासी वेगळे (प्रश्न ३). पितरांचा लोक वेगळा, तर्पण त्यांच्यासाठी. गरुडपुराणातली नरकांची वर्णनं भयंकर आहेत, पण ती ऐकणाऱ्या जिवंत माणसाने वागणं सुधारावं म्हणून आहेत. शक्य असेल तर आईंना तो भाग पुन्हा ऐकवू नका. तेराव्याला विष्णुसहस्रनाम म्हणा.

१७. जिवंतपणी पाताळात जाता येते का जी?

कथांमध्ये गेले आहेत. दुर्योधनाने विष घालून भीमाला गंगेत टाकलं, तो नागलोकात पोचला, आठ कुंडं रस प्यायला आणि आठवड्याने जागा झाला. महाभारतातल्याच उत्तंक नावाच्या शिष्याची कुंडलं तक्षकाने पळवली, तेव्हा तो काठीने बीळ उकरू लागला आणि इंद्राच्या वज्राच्या मदतीने आत उतरला. तिथे त्याला दोन बाया मागावर काळा आणि पांढरा धागा विणताना दिसल्या, आणि सहा पोरं एक चाक फिरवताना. धागे म्हणजे रात्री आणि दिवस, पोरं म्हणजे सहा ऋतू. प्रश्न ५ मध्ये म्हटलं की पाताळात दिवस-रात्र नाही. महाभारत म्हणतं, काळाचं कापड विणलं जातं तेच मुळी तिथे, खाली. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा ते मला अजून नीट जमलेलं नाही. पुढच्या श्रावणात बघू.